हरवलेली चतुर्थी: खेळातल्या पात्रांच्या प्रतवारीविषयी

(दहिवली, कर्जत येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली काही वळणे तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन समवयस्कांनी आम्हाला वाटेतच गाठले. म्हणाले, "सर, जन्मभर कांट शिकवलात आणि आता पोरांच्या खेळावर बोलणार?" आम्ही म्हणालो, हो, बोलणार. कांट वाचायला आमच्या ओसरीवर कधी कोणी जमले नाही. हा खेळ खेळायला पाच-सहा जण दर रविवारी जमतात. गेल्या पावसाळ्यात आरामखुर्चीत बसून आम्ही त्यांची भांडणे ऐकली. ती सगळी मूल्यमीमांसेची भांडणे होती, बरं का. फक्त भांडणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. खेळाचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. गाव, जंगल, गुहा, राक्षस हे सगळे जग तो बोलून उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. 'मी दार फोडतो', 'मी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवते' असे सांगतात, आणि ते साधले की फसले हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. शेवटची सोंगटी घरात गेली आणि डाव संपला, असे इथे होत नाही. गोष्ट पुढे चालू राहते.

प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो. मुले त्याला क्लास म्हणतात. फायटर म्हणजे योद्धा. विझार्ड म्हणजे पोथ्या अभ्यासून मंत्र टाकणारा. क्लेरिक देवाच्या बळावर जखमा भरतो. बार्ड गाण्यातून जादू करतो, आपला शाहीरच म्हणा ना. आणि मंक म्हणजे शस्त्रावाचून, हातापायांनी लढणारा संन्यासी. २०१४ च्या नियमपुस्तकात असे बारा वर्ग आहेत. बारा जण एका रांगेत उभे केले की माणूस पहिला प्रश्न काय विचारणार? यात भारी कोण? त्या प्रश्नाच्या उत्तराला म्हणतात टियर लिस्ट, म्हणजे प्रतवारी. आणि त्या प्रतवारीत जास्तीत जास्त वर बसेल असे पात्र नियमांतून जुळवून काढण्याला म्हणतात ऑप्टिमायझेशन.

आज आम्हाला या प्रतवारीच्या वाङ्मयाची समीक्षा करायची आहे. वाङ्मय हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहोत. या लेखनाला स्वतःची शैली आहे, परिभाषा आहे, रंगांचे संकेत आहेत. लाल रंगात लिहिलेला पर्याय टाळावा, निळा चांगला, आकाशी उत्तम. एकेका वर्गावर पुस्तकाएवढी मार्गदर्शिका लिहिणारे लोक आहेत. आम्ही त्यातल्या बऱ्याच वाचल्या, आणि मेहनत पाहून थक्क झालो.

पण आधी ओसरीवर काय घडले ते सांगायला हवे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी या गटात नवी आली. कॉलेजात जाणारी. तिला मंक हवा होता. तिची आजी पायी वारीला जायची. मुलीच्या मनातले पात्र असे होते: एक चालणारी बाई, हातात काही नाही, रात्री-अपरात्री रानातून जाते आणि कोणाला भीत नाही. नियमांतला मंक यात चपखल बसतो. तो शस्त्रावाचून लढतो आणि इतरांपेक्षा वेगाने चालतो. पण बाकीचे म्हणाले, "मंक? अगं, तो सगळ्यात खालच्या टियरमध्ये आहे. क्लेरिक घे. आपल्याला क्लेरिक लागतोच." तिने क्लेरिक घेतला. तीन रविवार आली, चौथ्याला आली नाही. पुढे एकदा आमची पुलावर गाठ पडली तेव्हा विचारले, तर म्हणाली, "आजोबा, मी तिथे खेळत नव्हते. ड्युटी करत होते."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. कारण पोरे खोटे बोलली नव्हती. त्या नियमांत मंक इतरांच्या मानाने दुबळा आहे, हे बहुतेक जाणकार सांगतात. मग सत्य सांगूनही अन्याय कसा झाला?

याचे उत्तर शोधायला थोडा इतिहास पाहू. १९७४ च्या मूळ खेळात वर्ग तीनच होते: फायटिंग मॅन, मॅजिक यूजर आणि क्लेरिक. चोर १९७५ मध्ये आला. पात्राची ताकद, बुद्धी वगैरे गुण तीन-तीन फासे टाकून, पडतील त्या क्रमाने लिहायचे. मग जे पदरी पडले त्याला शोभेल तो वर्ग घ्यायचा. जुळवाजुळवीला वाव फार थोडा होता. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि चित्र बदलले. तिचे रचनाकार जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स. या आवृत्तीत पात्राला खास कौशल्ये निवडता येऊ लागली, एका वर्गातून दुसऱ्यात सहज जाता येऊ लागले. आता पात्र पदरी पडत नव्हते, भाग जोडून बांधले जात होते. म्हणूनच मुले त्याला बिल्ड म्हणतात.

त्यात एक मेख होती. मॉन्टी कुक यांनी पुढे एका लेखात मोकळेपणाने मान्य केले, की सगळे पर्याय सारखेच उपयोगी ठेवलेले नव्हते. नियमांवर हुकमत मिळवणाऱ्याला त्या हुकमतीचे फळ मिळावे, अशी योजना होती. म्हणजे नवख्याच्या हाती वाईट पर्याय लागू शकतो, आणि पुस्तक त्याला तसे सांगत नाही. अशा स्थितीत कोणीतरी उठून 'हा पर्याय फसवा आहे' असे सांगत असेल, तर तो समाजसेवाच करतो. प्रतवारीच्या बाजूने पहिला मुद्दा हा. विषमता यादीने निर्माण केली नाही. ती पुस्तकातच होती, यादीने तिला नाव दिले.

२००३ च्या सुधारित, म्हणजे 'थ्री पॉइंट फाइव्ह' आवृत्तीसाठी खेळाडूंनी सहा पायऱ्यांची एक प्रसिद्ध यादी केली. पहिल्या पायरीवर विझार्ड, क्लेरिक, ड्रुइड. बार्ड तिसऱ्या पायरीवर. फायटर आणि मंक पाचव्या. फायटर पाचव्या पायरीवर का? तर पातळी चढत जाते तसा तो एक, दोन, तीन असा वाढतो आणि विझार्ड एक, चार, नऊ असा. सुरुवातीला ढालीआड लपणारा विझार्ड पुढे एका मंत्रात जे करतो, ते फायटरला तलवारीने करता येत नाही.

ही यादी आम्ही मन लावून वाचली आणि एक गोष्ट पाहून चकित झालो. 'लढाईत जास्त मारतो कोण' हा तिचा प्रश्नच नाही. ती विचारते: वेगवेगळ्या प्रकारच्या किती अडचणी हा वर्ग सोडवू शकतो, आणि किती चांगल्या? शिवाय यादी करणाऱ्याने बजावले आहे, की हे सूत्रधाराच्या सोयीसाठी आहे. टेबलावर एक पहिल्या पायरीचा आणि एक पाचव्या पायरीचा आला, तर दुसऱ्याला कंटाळा येईल, त्याला सांभाळून घ्या, अशी ती सूचना होती. दुबळ्याला टेबलावरून उठवण्यासाठी ती लिहिलेलीच नव्हती!

मग बिघडले कुठे? आमच्या मते बिघाड व्याकरणात आहे.

शाळेत विभक्ती पाठ केल्या होत्या ना? चतुर्थी: स, ला, ते. तिचा कारकार्थ संप्रदान. कोणाला, कोणासाठी, कशासाठी, हे सांगणारी विभक्ती. मूळ यादीतले वाक्य असे होते: 'नाना प्रकारच्या अडचणी सोडवण्यासाठी, सारख्याच कसबी खेळाडूंच्या हाती, विझार्ड मंकपेक्षा वरचढ आहे.' वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले तसे झिजले. ओसरीवर पोहोचेपर्यंत उरले एवढेच: 'मंक वाईट आहे.' चतुर्थी वाटेत गळाली. आणि चतुर्थी गळाली की मोजमापाचा निवाडा होतो. सापेक्ष विधान निरपेक्ष होऊन बसते. तत्त्वज्ञानात याला मोठमोठी नावे आहेत. आम्हाला शाळेतले व्याकरण पुरते.

मोजमापाचेच बोलायचे तर एक हिशेब करून पाहू. आजच्या नियमांत ताकद १४ असली तर फाशात दोन मिळवायचे आणि १६ असली तर तीन. या एका आकड्यासाठी मुले तासन्‌तास घासाघीस करतात. फासा वीस बाजूंचा. म्हणजे एका आकड्याने वीसपैकी एका फाशाचा निकाल बदलतो. एका रविवारी एक जण वारासाठी वीस वेळा फासा टाकतो असे धरा. सरासरी हिशेबाने रविवारमागे एक वार जास्त लागला. बस्स. वर्गावर्गातली तफावत याहून मोठी असू शकते, विशेषतः वरच्या पातळ्यांवर, हे कबूल. पण हे सगळे हिशेब अशा रिकाम्या खोलीत केलेले असतात जिथे शत्रू समोर उभा राहून मार खातो, पाऊस पडत नाही, मशाल विझत नाही, आणि कोणी पहारेकऱ्याला चहा पाजून त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत नाही. खेळ मात्र अशाच गोष्टींचा बनलेला असतो.

आता कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी थेरे. नाही हो. आपल्याकडची सर्वांत गाजलेली टियर लिस्ट महाभारतात आहे. उद्योगपर्वात रथातिरथसंख्यान नावाचे उपपर्व आहे. युद्ध तोंडावर आले आहे, आणि दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही सैन्यांत रथी कोण, अतिरथी कोण? भीष्म एकेकाची प्रत सांगत जातात. आकडेही देतात. भीम आठ रथींच्या तोडीचा, असे त्यांचे माप आहे. आणि मग कर्णाची पाळी येते. भीष्म म्हणतात, हा अर्धरथी. ते कारणे देतात: कवचकुंडले गेली, परशुरामांचा शाप आहे. द्रोण दुजोरा देतात.

'मृत्युंजय' वाचून वाढलेल्या मराठी मनाला हे झोंबते. पण क्षणभर कर्णाचा कैवार बाजूला ठेवा. भीष्मांची कारणे खोटी आहेत का? कवचकुंडले खरोखर गेली होती. शाप खरोखर होता आणि तो शेवटी फळाला आला. पोरांचे मंकविषयीचे म्हणणे जसे खोटे नव्हते, तसेच हे. आणि परिणाम काय झाला? भीष्म जिवंत असेपर्यंत मी शस्त्र उचलणार नाही, असे म्हणून कर्ण बाजूला झाला. युद्ध अठरा दिवसांचे, भीष्म पडले दहाव्या दिवशी. म्हणजे अठरातले दहा दिवस कौरवांना कर्ण मिळालाच नाही. अर्धा म्हटले आणि हाती शून्य आले. कर्णाचा अहंकार त्यात होता, नाही असे नाही. तरी मुद्दा राहतोच. माणसांची प्रतवारी हवामानाच्या नोंदीसारखी नसते. पाऊस किती पडला हे लिहिल्याने पाऊस बदलत नाही. कर्ण अर्धा आहे हे त्याच्या तोंडावर बोलल्याने सैन्य बदलले.

आणखी एक गंमत बघा. ही यादी करणारे भीष्म स्वतः पडले ते कशामुळे? शिखंडीवर शस्त्र चालवणार नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम होता. शिखंडीला पुढे करून अर्जुनाने बाण सोडले. कोण किती रथींच्या तोडीचा, या मापात ही गोष्ट बसतच नाही. बळाच्या यादीत नेम, प्रतिज्ञा, उपकार, लाज यांना रकाना नसतो.

आपल्या कर्जतचेच उदाहरण घ्या. पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जत स्टेशनात मागून इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पुढचे इंजिन कितीही दणकट असो, मागून रेटा लागतो. आता 'मुंबई ते पुणे सर्वांत वेगवान इंजिन कोणते' अशी यादी केली, तर बँकर कितव्या पायरीवर येईल? तळाला. तो मुंबईला जात नाही, पुण्याला जात नाही. लोणावळ्याला सुटतो आणि परत खाली येतो. पण घाटात त्याच्यावाचून गाडी हलत नाही. बार्डसारखे वर्ग पुष्कळदा असे असतात. स्वतः थोडे मारतात आणि दुसऱ्याचा वार लागू करतात.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. खेळाडूंमध्ये जुना वाद आहे, की हिशेब करणारा खेळाडू खरा अभिनय करत नाही आणि अभिनय करणाऱ्याला हिशेब येत नाही. हा वाद पोकळ आहे. तालीम करणारा पैलवान आखाड्यात लबाड ठरत नाही, आणि वृत्तात लिहिणाऱ्या कवीची भावना वृत्तामुळे खोटी होत नाही. आमचा नातू गटातला सर्वांत पक्का हिशेबी, आणि त्याच्या विझार्डच्या तोंडी अशी वाक्ये येतात की आम्ही पेपर खाली ठेवतो. जुळवाजुळव हीसुद्धा एक कारागिरी आहे. तिचा आनंद खरा आहे.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' या १९७८ च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचे सार असे, की अनावश्यक अडथळे आपण होऊन पत्करणे आणि ते ओलांडायला झटणे म्हणजे खेळ. 'आपण होऊन' हे शब्द धरून ठेवा. अडथळा तुम्ही निवडलेला असतो. मुलीने निःशस्त्र बाईचा अडथळा आपण होऊन निवडला होता. गटाने तो काढून घेतला आणि सोय दिली. सोय मिळाली आणि खेळ गेला. ती म्हणाली ते शब्दशः बरोबर होते: उरली ड्युटी.

सी. थी न्गुयेन हे आजचे तत्त्वज्ञ. 'गेम्स: एजन्सी ॲज आर्ट' या २०२० च्या पुस्तकात त्यांनी एका धोक्याकडे बोट दाखवले आहे. आपली मूल्ये गुंतागुंतीची, तरल असतात. त्यांच्या जागी एखादा सुबक आकडा येतो आणि आपल्या नकळत मनाचा ताबा घेतो. आमची आजी जप करायची. माळ नामासाठी होती. पुढे शेजारणीशी चढाओढ लागली, तुझ्या किती माळा, माझ्या किती. मग नाम माळेसाठी झाले. आजीलाच ते एक दिवस उमगले आणि तिने माळ खुंटीला टांगली. सगळ्यांना उमगतेच असे नाही.

आम्हाला तरी कुठे उमगले? आता जे सांगणार आहोत ते सांगताना जीभ अडखळते, पण न सांगता या विषयावर बोलणे अप्रामाणिक होईल. सेवेत असताना एक विद्यार्थी आमच्याकडे संशोधनाचा विषय घेऊन आला. त्याचे तर्कशास्त्राचे गुण बेताचे. आम्ही त्याला म्हणालो, "हा तुझा प्रांत नाही, तू दुसरे काही बघ." गुणांच्या यादीत तो खाली होता, हे सत्य. पण त्याने आम्हाला 'माझा नंबर कितवा' असे विचारलेच नव्हते. त्याने एक प्रश्न आणला होता आणि तो प्रश्न, आज आठवतो तेव्हा वाटते, चांगला होता. आम्ही न विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले. तो पुन्हा कधी आमच्या खोलीत आला नाही. भीष्म आम्हाला ग्रंथातून कळले नाहीत. ते आमच्या खुर्चीत बसले होते.

तेव्हा काय करावे? याद्या जाळाव्यात असे आम्ही म्हणत नाही. यादी करणाऱ्यांनी प्रत्येक वाक्यात चतुर्थी परत घालावी: कोणत्या पातळीसाठी, कोणत्या प्रकारच्या टेबलासाठी, कोणत्या अडचणींसाठी. सूत्रधाराने यादी आपल्या खिशात ठेवावी. ती त्याचे साधन आहे. जो वर्ग दुबळा त्याला सांभाळून घ्यावे, त्याच्यासाठी एखादे दार असे ठेवावे जे त्यालाच उघडेल. आणि खेळाडूंनी पहिल्या बैठकीत, फाशाला हात लावण्याआधी, एकमेकांना विचारावे: आपण कशासाठी बसलो आहोत? जिंकायला बसला असाल तर तसे सांगा, त्यात लाज नाही. मग प्रतवारी कामाची आहे. गोष्ट सांगायला बसला असाल, तर तिच्यात कोण हवे हे यादी ठरवू शकत नाही.

शिवाय याद्या बदलतात. २०२४ च्या सुधारित नियमांत मंकला चांगले बळ दिले आहे. म्हणजे जो 'वाईट' होता तो पुस्तकाची आवृत्ती बदलताच बरा झाला. त्या मुलीला तो हवा होता त्याचे कारण मात्र कोणत्याच आवृत्तीत नव्हते. ते आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर होते.

हे सगळे आम्ही नातवाला ऐकवले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आजोबा, पटतंय. पण पुढच्या गुहेत क्लेरिक नसला तर आम्ही सगळे मरू."

आम्ही म्हणालो, "मरा की! तिथे मेलात तर कोरा कागद घेऊन नवं पात्र लिहाल. ही मुलगी गेली तर कुठल्या कागदावर लिहून आणणार?"

तो काही बोलला नाही. संध्याकाळी छत्री घेऊन तिच्या घरी गेला एवढे पाहिले. रविवार अजून यायचा आहे.